कुत्रा अंडरस्कोर एक्स्ट

मी रोज कोथरूडवरून हिंजवडी फेज थ्रीला जाते, वाकडच्या पुलाखाली आयुष्याचा काही भाग ठेवून येते, आणि ऑफिसात बसून कुत्र्यांचं टेबल बनवते. हे मी एकदा जेवताना बोलून गेले आणि आई म्हणाली, "एवढं इंजिनिअरिंग करून कुत्र्याला टेबल? का, खाली बसून खात नाही का तो?"

तर झालं असं, की आमचा क्लायंट अमेरिकेतला, घरांचा विमा विकणारा. तिकडे घराच्या विम्यात बऱ्याचदा हेही कव्हर असतं की तुमचा कुत्रा कुणाला चावला तर भरपाई कंपनी देणार, म्हणून काही कंपन्या फॉर्मवरच विचारून घेतात, कुत्रा आहे का, कुठल्या ब्रीडचा, आधी कुणाला चावलाय का. आपल्याकडे हा सगळा डेटा गेटवरच्या पाटीवर फुकट मिळतो. पण सॉफ्टवेअरमध्ये घर होतं, छप्पर होतं, स्विमिंग पूल होता, कुत्रा नव्हता. तो, म्हणजे डेटाबेसमध्ये त्याच्या माहितीचं टेबल, आणायचं काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं अर्ध्या दिवसाचं काम आहे. घराची एंटिटी, म्हणजे घराच्या माहितीचा साचा, सॉफ्टवेअरसोबत आयती मिळालेली, तिला हात लावायचा नसतो, शेजारी एक डॉट ईटीएक्स फाइल करायची आणि त्यात आपले जादाचे कॉलम टाकायचे. टीम लीड म्हणाला, "नावापुढे अंडरस्कोर एक्स्ट लाव हां, उद्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मूळ कंपनीने अपग्रेडमध्ये त्याच नावाचा कॉलम आणला तर भांडण नको." म्हणजे बाहेरून आलेल्या सुनेच्या नावापुढे खूण करून ठेवायची, पन्नास वर्षांनीही कळलं पाहिजे की ही मूळची या घरची नाही. ठीक आहे. ब्रीडसाठी टाइपलिस्ट, म्हणजे निवडायच्या पर्यायांची ठरलेली यादी, केली, तीत गावठी नव्हता, मला वाईट वाटलं, मी टेस्टिंगपुरता घातला आणि तो तसाच डेमोला गेला. क्लायंटकडच्या बाईंनी दोनदा विचारलं, "व्हॉट इज गावठी?" लीड माझ्याकडे बघत होता, मी म्यूटवर होते.

मग त्याच बाईंनी विचारलं, दोन कुत्रे असतील तर?

मी पटकन म्हणाले, अजून तीन कॉलम टाकते, कुत्रा दोन म्हणून. लीडने कपाळाला हात लावला. "आणि तिसरा आला की? अगं, नवीन एंटिटी कर." मग नव्या एंटिटीची डॉट ईटीआय फाइल, मग घरावर त्याच्या कुत्र्यांची यादी, म्हणजे अ‍ॅरे. इथे माझी दुपार गेली. अ‍ॅरे घरावर लिहायचा, पण घराच्या टेबलात त्याचं काहीच साठत नाही, मालक कोण हे कुत्र्याने स्वतःजवळ बाळगायचं असतं, फॉरेन की म्हणून, आणि ती मी टाकलीच नव्हती. घर ओरडून सांगतंय की हे कुत्रे माझे, आणि कुत्रा कुणालाच ओळखत नाहीये. सर्व्हर उठेना. हा सर्व्हर उठताना आपली मेटाडेटा, म्हणजे फायलींत लिहिलेली टेबलांची रचना, आणि डेटाबेस ताडून बघतो, फरक असेल तर डेटाबेस स्वतः बदलतो, आणि यात माझ्या लॅपटॉपवर एक चहा, एक क्रीमरोल आणि टपरीवरच्या माणसाचं जावयावरचं संपूर्ण मत एवढा वेळ जातो. त्या दिवशी मी चार क्रीमरोल खाल्ले. जावई वाईट नाहीये, माझं मत.

शेवटी चाललं. एंटिटीचा प्रकार मी रिटायरेबल ठेवला होता. यात डिलीट केलं तरी ओळ पुसली जात नाही, फक्त रिटायर झाली अशी खूण होते आणि ती टेबलात तिथेच बसून राहते. आमच्या बाबांसारखं. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण अजून जुन्या ऑफिसच्या फायलींवर जेवणाच्या टेबलावरून निर्णय देतात. मी घरी हौसेने सांगितलं की आमच्यात कुत्रा मेला तरी रिटायरच होतो. बाबांना हे फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूत लीड म्हणाला, रिटायरेबल चालणार नाही. पॉलिसी जानेवारी ते डिसेंबर, कुत्रा मार्चमध्ये पोस्टमनला चावला, जूनमध्ये गेला, मालकाने एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत बदल, करून नाव काढलं, आणि पोस्टमनने क्लेम टाकला सप्टेंबरमध्ये. आता मार्चमध्ये त्या घरात कुत्रा होता की नव्हता? म्हणजे प्रत्येक ओळीला कधीपासून कधीपर्यंत अशा तारखा हव्यात, मधे बदल झाला तरी जुनं रूप जिथल्या तिथे हवं, याला इफेक्टिव्ह डेटेड म्हणतात. पटलं मला. पण बनवून झालेल्या टेबलाचा प्रकार नुसता शब्द बदलून बदलत नाही, मी लोकल डेटाबेस उडवला, सगळा टेस्ट डेटा गेला, गावठीसकट, आणि परत टपरीवर गेले.

रात्री साडेनऊला घरी पोचले तर बाबा पेपर घेऊन बसलेले. "काय गं, झाला का तुझा कुत्रा रिटायर?"

"नाही हो बाबा, रद्द झालं ते. मार्चमध्ये कुणाला तरी चावला होता, ते प्रकरण बाकी आहे."

बाबांनी चष्मा काढला. "विभागीय चौकशी," ते म्हणाले. "अडकली आता पेन्शन."