नागिणीचं तोंड शेपटीला लागायच्या आत

पाठीवर एकाच बाजूला लाल फोडांचा पट्टा उठलाय, आग आग होतेय? घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे लगेच स्किनच्या डॉक्टरकडे पळू नका. आधी बिल्डिंगमधल्या काकूंना दाखवा. त्या लांबूनच सांगतील, अगो बाई नागीण आहे ही, तोंड नि शेपूट जुळलं की माणूस संपला! आता हा लहानपणीच्या कांजण्यांचाच व्हायरस, इतकी वर्षं नसेच्या मुळाशी झोपलेला, आणि तो बहुतेकदा एकाच बाजूच्या नसेवरून जातो, त्यामुळे गोल फिरून शेपूट गाठायचा प्रश्नच नसतो. पण हे काकूंना सांगायचं नाही, मोठ्यांचा मान असतो.

मग मंत्र घालणारा शोधा. चांगला मंत्रवाला कधीच जवळ राहत नाही, घाटकोपरवाल्याला विरारचा लागतो नि विरारवाल्याला पनवेलचा. आणि तो बसतो फक्त गुरुवारी. सोमवारी फोड आले असतील तर गप थांबायचं. डॉक्टर म्हणतात अँटीव्हायरल गोळ्या 72 तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त फायदा, म्हणजे बघा, गुरुवारी बाबा गेरूचं रिंगण काढेपर्यंत तेही टेन्शन संपलं. दोन ते चार आठवड्यांत फोड सुकतात, कोणी काही नाही केलं तरी सुकतात, पण क्रेडिट बाबाचं. पुढे महिनोन्महिने तिथली नस ठणकत राहिली तर ती डॉक्टरच्या खात्यात टाका, पॅरासिटामॉल घेतली होतीत ना एक? तिनेच "आत दाबलं".

काविळीची माळ पण घालाच. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबते, कावीळ उतरली! पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते म्हणा. हे बाबा लोक आजार फार हुशारीने निवडतात, कोणी मोतीबिंदू उतरवताना दिसतो का?

ऑपरेशन असेल तर कॅलेंडर घेऊनच सर्जनसमोर बसा. पितृपक्षात हर्निया नको, अमावस्येला तर टाकाही नको, आणि सिझेरियनचा मुहूर्त गुरुजींनी पहाटे 4:17 चा काढला असेल तर भूल देणाऱ्या मॅडमना उठवायचं काम नवऱ्याचं.

फक्त कुत्रा चावला तर मात्र जरा जपून. तिथे मंत्राला क्रेडिट मिळायचा चान्सच नाही, रेबीजची लक्षणं दिसली की पेशंट जवळपास कधीच वाचत नाही, आणि वर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा चक्क गुन्हा आहे. पालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शन फुकट मिळतं, तेच बहुतेक लोकांना खटकतं, फुकटच्या गोष्टीला गुण कसा येणार.

आणि हो, मेडिक्लेमच्या फॉर्मात गंडादोरा, लिंबू आणि विरारचं रिटर्न तिकीट लिहू नका. काउंटरवरच्या ताई स्वतः गुरुवार करतात, पण कंपनी करत नाही.