कागदावर चटई

पाडव्याच्या शुभेच्छांच्या गर्दीत पुतण्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, पगारातले थोडे पैसे रीटमध्ये (इमारतींचं भाडं गुंतवणूकदारांना वाटणाऱ्या ट्रस्टमध्ये; त्याचे भाग, म्हणजे युनिट, शेअरसारखे बाजारात मिळतात) टाकू का? मी काही लिहायच्या आत दादाचं उत्तर आलं : 'कागदावर चटई टाकून झोपता येतं का? जागा ती जागा.' खाली अकरा अंगठे. त्यातले दोन आमच्याच बहिणींचे.

मी गेली पंधरा वर्षं कॅनडात, मिसिसागात बसून हेच कागद गोळा करतोय, म्हणून हे जरा लागलं.

दादाला वाटतं, कॅनडातला रिअल इस्टेटचा शेअर म्हणजे सगळा एकच माल. अरे, रिओकॅन म्हणजे दुकानं, कॅपरीट म्हणजे भाड्याची घरं, ग्रॅनाइट म्हणजे गोदामं. फर्स्टसर्व्हिसचा तर इमारतींची मालकी हा धंदाच नाही. ती दुसऱ्यांच्या सोसायट्या सांभाळते : लिफ्ट, गळती, देखभालीचे पैसे, सभासदांची भांडणं. दादा डोंबिवलीत सेक्रेटरी म्हणून वीस वर्षं जे फुकट करतोय आणि वर शिव्या खातोय, ते काम ही कंपनी पैसे घेऊन करते. २०१५ मध्ये ती कोलियर्स या रिअल इस्टेट सेवा देणाऱ्या कंपनीपासून वेगळी झाली. लाभांश नावापुरता. पण बाजार पडो की चढो, लिफ्ट बंद पडायची थांबत नाही. हा शेअर मला आवडतो त्यामागे दादाच आहे, हे त्याला सांगितलेलं नाही.

नवखा माणूस आधी वाटपाचा टक्का बघतो. मीही तेच केलं. एक ऑफिसवाला ट्रस्ट होता, नाव घेत नाही. नऊ टक्के देत होता म्हणून टीएफएसए, म्हणजे इथलं करमुक्त बचतीचं खातं, त्यानेच भरून टाकलं. मग लोक घरून काम करायला लागले. बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर २०२२ च्या सुरुवातीला पाव टक्का होता, तो जुलै २०२३ मध्ये पाच टक्क्यांवर गेला. मुदत संपलेली कर्जं नव्या दराने घ्यावी लागली. वाटप आधी निम्मं झालं, मग बंद. हे ग्रुपवर मी कधी लिहिलेलं नाही. अकरा अंगठ्यांचे बावीस झाले असते.

नऊ टक्क्यांची हाव सुटली की माणूस बाकीचं बघत नाही. रिओकॅनसारख्या दांडग्या ट्रस्टनेसुद्धा जानेवारी २०२१ पासून महिन्याचं १२ सेंटचं वाटप ८ सेंटवर आणलं. हडसन्स बे ही मोठमोठ्या दुकानांची १६७० सालची कंपनी. तिची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, आणि रिओकॅनची तिच्याशी भागीदारी होती. म्हणून मी आता आधी भाडेकरू कोण ते बघतो. नफ्याचा छापील आकडा बघतच नाही, कारण त्यात इमारतींचं फेरमूल्यांकन मिसळलेलं असतं. भाड्यातून खर्च, व्याज आणि डागडुजी गेल्यावर युनिटमागे काय उरतं, त्यातलं किती वाटतात आणि कुठलं कर्ज कधी फेडायला येतंय, एवढं पाहिलं की पुरतं.

या हिशोबात ग्रॅनाइट वर येतं. एकेकाळी तिचा भाडेकरू म्हणजे जवळजवळ एकटी मॅग्ना, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. आता अमेरिका-युरोपातल्या गोदामांमुळे ते परावलंबित्व बरंच उतरलंय. कॅपरीट त्यानंतर. आमच्या ओंटारिओ प्रांतात जुन्या घरांना २०२५ मध्ये अडीच टक्क्यांहून जास्त भाडेवाढ करायला परवानगी लागायची. पण भाडेकरू गेला की नव्याला बाजारभाव. पागडीत जन्म काढलेल्या आमच्या गिरगावकर आजोबांना हे एका वाक्यात कळलं असतं. मात्र २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, भाडी नरमली, आणि जुन्या-नव्या भाड्यातली ती फट पूर्वीइतकी रुंद राहिली नाही. कॅपरीट स्वस्त दिसतं, पण पुतण्याने घाई करू नये.

आता दादाच्या 'जागा ती जागा'कडे येतो. पुतण्या पवईत ज्या ऑफिसात जातो, ती इमारत ब्रुकफील्डच्या भारतातल्या रीटची, आणि ब्रुकफील्ड मूळची कॅनडातली. म्हणजे पोरगा रोज सकाळी लिफ्टने कागदावरच चढतो. खुद्द दादाकडे काय आहे? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, प्रत्येकी ५० रुपयांचे ५ शेअर. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, आजतागायत केलेलं नाही, जमीन त्याच्याच नावावर. चटई टाकलीय ती नेमकी कुणाच्या जमिनीवर, हे सेक्रेटरीसाहेबांनी सांगावं.

एवढं सगळं टाइप केलं, आणि पाठवलं नाही.

कारण तसलंच एक सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे, हातमोज्यांच्या ड्रॉवरमध्ये. दादाच्या शेजारची वन रूम किचन, आई राहायची ती. आई गेल्यापासून कुलूपबंद. भाडं शून्य, वाटप शून्य, देखभालीचे पैसे दादा भरतो आणि महिन्यातून एकदा नळ सोडून येतो. ग्रॅनाइटच्या दर तिमाहीचे आकडे तपासणारा मी, या खोलीचा हिशोब फक्त एकदा मांडला. विकली तर कर किती? २०२४ च्या बजेटनंतर जुन्या जागेवर महागाईची वजावट घेऊन २० टक्के की न घेता साडेबारा, यातलं हलकं ते निवडायची मुभा आहे. दादाला. मला नाही, मी अनिवासी. बरोबरच आहे, इथे मी कर भरतो, मत देतो, बर्फ उपसतो. तरी तो शब्द वाचून मी लॅपटॉप मिटला.

पुतण्याला अजून उत्तर दिलेलं नाही. काल दादाचा वेगळा मेसेज आला : 'पुनर्विकासाच्या संमतीवर तुझी सही लागेल. आणि आईचं कपाट रिकामं करू का?'

सही करतो म्हटलं. कपाट राहू दे.