दहानंतरचा आवाज: होतकरूंसाठी मार्गदर्शन

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला मी पलंगावर बसून कायदा वाचत होते. ध्वनी प्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २०००. खिडकीबाहेर कॉमेंट्री चालू होती: "आणि हा उंच मारलेला चेंडू… थेट जाळीला… भाऊंकडून या फटक्याला एकशे एक रुपयांचं रोख बक्षीस!" मग शिट्ट्या, मग हलगी. पदवीच्या परीक्षेलाही मी इतकं मन लावून वाचलं नव्हतं. वाचता वाचता लक्षात आलं, की वस्तीत धिंगाणा घालणाऱ्या होतकरू मंडळींना नियमांची काही कल्पनाच नसते. बिचारे निव्वळ उपजत गुणांवर काम करतात. जरा शास्त्रशुद्ध मार्गदर्शन मिळालं तर कुठल्या कुठे जातील. तेव्हा ऐका.

सुरुवात जागेपासून. चार इमारतींच्या मधोमध एखादा रिकामा प्लॉट असतो आणि लोक वर्षानुवर्षं म्हणत असतात, इथे बाग होणार आहे. त्यांना म्हणू द्यावं. आपण तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरावं, जाळी ठोकावी, आठ फ्लडलाइट लोकांच्या बेडरूमकडे तोंड करून लावावेत आणि त्याला टर्फ म्हणावं. मैदान म्हटलं की आया मुलांना फुकट खेळायला धाडतात. टर्फ म्हटलं की तासाला बाराशे रुपये घेता येतात. दिवसा ऊन असतं, त्यामुळे धंदा रात्री दहा ते दोन.

आता नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. माइक लावायला दिवसासुद्धा लेखी परवानगी लागते आणि रात्री उघड्यावर तो चालतच नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेला: सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल, आणि तीही आतल्या माणसांना ऐकू जावं एवढ्यापुरती. घाबरून जाऊ नका. आमच्या टर्फवाल्याने गस्तीवर आलेल्या पोलिसाला काय सांगितलं ते लिहून ठेवा. "साहेब, चारही बाजूंनी जाळी आहे, वरूनही जाळी आहे. बंदिस्तच आहे की!" हे मला चौथ्या मजल्यावर शब्द न् शब्द ऐकू आलं, कारण माइक त्याच्या हातातच होता.

परवानगी मागितली तर कागद दाखवावा. कुठलाही. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या नवरात्राचा दाखवला गेला. शिक्का गोल होता, तेवढं पुरतं.

स्पर्धेला महापुरुषाचं नाव द्यायला विसरू नका. 'भाऊ चषक' म्हटलं तर लोक भाऊंना शिव्या देतील. चषकावर महापुरुष आला की तक्रार करणारा आपोआप महापुरुषाच्या विरोधात जातो. देवाचं नाव दिलं तर आणखी उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सांगून टाकलंय, की इतरांची शांतता मोडून, आवाज मोठा करून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. पण न्यायालयाचा निकाल वाचतो कोण? आमच्यासारखे, ज्यांना झोप येत नाही ते.

बांधकामाची आवाज करणारी यंत्रं वस्तीत रात्री चालवायची नाहीत, असं नियम ५अ म्हणतो. म्हणून स्लॅब रात्रीच टाकावा.

वरच्या मजल्यावरच्यांनी ड्रिल रविवारी दोन ते चार याच वेळात चालवावं. ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकला की झालं.

डेसिबलचं भय बाळगू नका, ते फार गोड प्रकरण आहे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ अशी मर्यादा आहे. मी मोबाइलवर ॲप टाकून आमच्या बेडरूममध्ये मोजलं तर ७८ आले. तुम्ही म्हणाल, तेहतीसच तर जास्त. अहो, डेसिबल असा सरळ मोजत नाहीत. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. तेहतीस म्हणजे जवळजवळ दोन हजार पट. कानाला मात्र ते साधारण दहापटच जाणवतं. कान किती सोशिक असतो पाहा, अगदी सोसायटीच्या सभासदासारखा. हे सगळं मी पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, मोबाइलचं चालत नाही. आमच्या मशीनवर यायला पाहिजे." मशीन कुठे आहे? "मशीन दुसरीकडे गेलंय." केव्हा येईल? "आलं की कळवतो." म्हणजे आवाज आहे, कान आहेत, नियम आहे, पोलीस आहेत, आणि मशीन गावाला गेलंय. तुम्ही निर्धास्त वाजवा.

आमच्या सासूबाई वय वर्षं त्र्याऐंशी. कानातलं यंत्र काढून झोपतात, त्यामुळे घरात त्या एकट्याच सुखी असतील असं मला वाटायचं. फायनलच्या आदल्या रात्री सव्वाबाराला त्यांनी मला हाक मारली. "भूकंप होतोय का गं?" त्यांना ऐकू येत नव्हतं, पण पलंग हलत होता. बेसचं हेच वैशिष्ट्य. तो कानाच्या भानगडीत पडत नाही, थेट छातीत जातो. खरेदी करताना लक्षात ठेवा.

सामना संपल्यावर खेळाडूंनी लगेच घरी जायचं नसतं. गेटपाशी बाइक उभ्या करून, एक्सलेटर पिळत, कुणी झेल सोडला यावर अर्धा तास चर्चा करावी. सायलेन्सर बदललेला असावाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजाच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि रात्री वस्तीत हॉर्न वाजवायलाच बंदी आहे. हे सगळं ऐकून घेऊन एकदा हॉर्न वाजवावा आणि निघावं.

कुणी सणासुदीचं काढलं तर सांगा, सूट आहे. ती खरंच आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार रात्री दहा ते बारा अशी सवलत देऊ शकतं, वर्षभरात जास्तीत जास्त पंधरा दिवस. हे पंधरा दिवस आम्ही कधी कुरकुर न करता दिलेत, स्वतः ढोल बघायला रस्त्यावर उभे राहिलोय. उरलेले साडेतीनशे तुम्ही कुठल्या हिशेबात घेतलेत, ते जरा सांगाल का?

असो. दंडाचं बघू. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय दंड संहितेच्या कलम २९० खाली दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १८६० सालचे दोनशे. रेल्वे वाढली, राज्य बदललं, चंद्रावर यान गेलं, ते दोनशे जागचे हलले नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम २९२, आणि दंड झाला एक हजारापर्यंत. टर्फचं एका तासाचं भाडं बाराशे. म्हणजे दंड भरूनही दोनशे उरतात. बरोब्बर तेच जुने दोनशे! याला म्हणतात परंपरा जपणं.

आता सर्वांत महत्त्वाचं. आवाज करणं कुणालाही जमतं. तक्रार करणाऱ्याला कसं सांभाळायचं, ते शिकावं लागतं. आमच्याकडची पद्धत आदर्श आहे. मी रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी ११२ लावला. नाव सांगितलं, कारण त्यांनी विचारलं आणि मी पाळलेल्या सशासारखी देऊन टाकलं. १२ वाजून ४ मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन. "काकू, झोप येत नाहीये का? आधी आम्हाला सांगायचं ना, आपण घरातलेच आहोत." बारा मिनिटं! ॲम्ब्युलन्स एवढ्या लवकर येत नाही. माझा नंबर त्याला कुणी दिला? मी तर टर्फवाल्याला कधी दिला नव्हता. सकाळी स्कूटीच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. एका चाकात नसती तर मी योगायोग म्हटलं असतं. मग मी ग्रुपवर लिहिलं. अठ्ठेचाळीस जणांनी वाचलं. तिघांनी मला वैयक्तिक मेसेज करून लिहिलं, "अगदी बरोबर बोललात," आणि ग्रुपवर अवाक्षर नाही. अध्यक्षांनी लिहिलं, "वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत." वैयक्तिक! अठ्ठेचाळीस घरांच्या भिंती थरथरतात आणि विषय माझा वैयक्तिक. अध्यक्षांचा पुतण्या तिथे सलामीला येतो, हे मात्र सार्वजनिक आहे. भाजीवालीपाशी उभी होते तर मागून कुणीतरी म्हणालं, "याच त्या कम्प्लेंटवाल्या." टर्फवाल्याला कुणी टर्फवाला म्हणत नाही, त्याला दादा म्हणतात. नाव पडलं ते माझं.

आणि हे होऊ नये म्हणून न्यायालयाने लिहून ठेवलंय. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की ध्वनी प्रदूषणाच्या तक्रारीवर कारवाई करताना तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, त्याला उगाच लक्ष्य केलं जातं. न्यायमूर्तींना माहीत आहे की काय होतं. ठाण्यात माहीत नाही? की माहीत आहे म्हणूनच नाव विचारतात?

जाऊ दे, मी मार्गदर्शन करत होते. एक सवलत सांगायची राहिली. सार्वजनिक आणीबाणी असेल तर रात्रीही माइक वापरता येतो. आमच्याकडे आणीबाणी आली होती, पण माइक स्कोअर सांगण्यात गुंतला होता. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रात्री सव्वाअकराला न्हाणीघरात पाय घसरून पडले. घरात एकटेच होते. आधी ओरडले, मग हातात आली ती बालदी जमिनीवर आपटत राहिले. शेजारच्या घरात माणसं जागी होती. त्यांना वाटलं, विकेट पडली. साडेबाराला माइक बंद झाला तेव्हा ती बालदी ऐकू आली. खुब्याचं हाड मोडलंय. सव्वा तास, ओल्या फरशीवर, शहाऐंशीव्या वर्षी.

माझं विनोद करण्याचं सामान इथे संपलं.

१८ जुलै २००५ला सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सहाची बंदी उचलून धरली, तो निकाल कुठल्या याचिकेतून आला माहीत आहे? एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती आणि शेजारी मोठ्या आवाजात लाउडस्पीकर चालू होता. कुणाला ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. अनिल मित्तल नावाचे एक इंजिनियर, ते स्वतः कोर्टात गेले. म्हणून हे तुमचं 'दहा वाजले, बंद करा' आहे. कुणा म्हातारीची झोपमोड होते म्हणून केलेला लाड नाही तो.

तेव्हा आता सरळ बोलते. टर्फवाल्या, तुला मुलांच्या खेळाचं काही पडलेलं नाही. दिवसा तिथली पोरं चेंडू घ्यायला आत गेली तर तूच हाकलतोस. कॉमेंट्री कुणासाठी करतोस? जाळीच्या आत बारा खेळाडू आणि वीस बघे, सगळे डोळ्यांनी बघतायत. त्यांना चौकार गेला हे माइकवरून सांगावं लागतं? अध्यक्षसाहेब, तुम्ही आजोबांना बघायला हॉस्पिटलात गेलात, संत्री घेऊन गेलात, फोटोही टाकलात. ग्रुपवर टाकलात, वैयक्तिक विषय असून. आणि त्या तिघांनो, वैयक्तिक मेसेज करणाऱ्यांनो, तुम्हाला लाज वाटत नाही? पत्रावर अठ्ठेचाळीस सह्या असत्या तर त्याने कुणाकुणाच्या चाकातली हवा काढली असती? मी दोनदा पत्र घेऊन दारोदार फिरले. सह्या किती? चार. त्यातली एक सासूबाईंची.

साहेब, तुम्हालाही. मशीन नसेल तर नसो. रात्री दहानंतर उघड्यावर माइक चालू आहे हे ठरवायला मशीन कशाला लागतं? घड्याळ लागतं. ते तुमच्या भिंतीवर आहे, मी पाहिलंय.

आज पुन्हा शनिवार. फ्लेक्स लागलाय, कुठल्याशा नव्या चषकाची सुरुवात आहे. आत्ता साडेनऊ झालेत. खेळायचं तर खेळा. दहाला माइक, हलगी आणि शिट्टी बंद. दहा वाजून एक मिनिटाने मी ११२ लावणार आहे, आणि या वेळी नाव सांगणार नाही. तुम्हाला काही बोलायचं असेल तर फोन करा. माझा नंबर तुमच्याकडे आहेच.