खुलासा : 'लहान विद्राव्यता गुणाकार, म्हणजे आधी अवक्षेप' हे सूत्र अर्धवट आहे

परीक्षेच्या तोंडावर एक 'शॉर्टकट' पुन्हा फिरतो आहे : द्रावणात दोन क्षार असतील तर ज्याचा विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातल्या आयनांच्या संहतींचा, म्हणजे दर लिटरमधल्या मोलांचा, गुणाकार; ही मर्यादा ओलांडली की क्षार खाली बसतो) लहान, तोच आधी अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा घन, होऊन खाली बसतो. हे सरसकट खरं नाही.

सिल्व्हर क्लोराइडचा गुणाकार २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ × १०⁻¹⁰, सिल्व्हर क्रोमेटचा सुमारे १.१ × १०⁻¹². शॉर्टकटप्रमाणे क्रोमेट आधी यायला हवं. पण क्लोराइड आणि क्रोमेट प्रत्येकी ०.०१ मोल प्रति लिटर घेऊन, त्यात सिल्व्हर आयन हळूहळू टाकत गेलो असं धरून आकडेमोड करा. अवक्षेप सुरू व्हायला क्लोराइडला सिल्व्हर आयन लागतात फक्त १.८ × १०⁻⁸ मोल प्रति लिटर. क्रोमेटच्या एका एककात दोन सिल्व्हर आयन असल्यानं त्याच्या गुणाकारात सिल्व्हरच्या संहतीचा वर्ग येतो, त्यामुळे वर्गमूळ काढावं लागतं आणि उत्तर येतं सुमारे १.०५ × १०⁻⁵, म्हणजे जवळपास ६०० पट. क्लोराइडचा पांढरा अवक्षेप आधी, क्रोमेटचा विटकरी नंतर. तोवर द्रावणातलं क्लोराइड ०.०१ वरून सुमारे ०.००००१७ वर आलेलं असतं. कार्ल फ्रिडरिश मोर यांची १८५६ची अनुमापन (थेंबाथेंबानं द्रावण टाकून क्लोराइड मोजण्याची) पद्धत याच फरकावर उभी आहे. प्रयोगशाळेत तो विटकरी रंग पाहूनही शॉर्टकटवर विश्वास ठेवणारे आहेत, ही गंमतच.

शॉर्टकट चालतो तो सूत्रात आयनांचं प्रमाण सारखं असलेल्या क्षारांत, उदाहरणार्थ सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर आयोडाइड. तेही क्लोराइड आणि आयोडाइडची संहती साधारण सारखी असेल तर.

आणि हो, दोन द्रावणं मिसळली की आकारमान वाढतं. संहती आधी नव्यानं काढा, मगच आयनांच्या संहतींचा गुणाकार करून त्याची विद्राव्यता गुणाकाराशी तुलना करा. निम्म्या चुका इथेच होत असाव्यात.