दम ऐकू येत नाही रे...

परवा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत राडा झाला. विषय तोच, दर सीझनला होतो तो, की प्रो कबड्डी, म्हणजे ती टीव्हीवरची लीग, ही खरी कबड्डी आहे का नुसता तमाशा. एका बाजूला पन्नाशीच्या पुढचे, ज्यांचे गुडघे मातीत गेलेत, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी आयुष्यात कधी गुडघा खरचटवून घेतला नाही पण स्टार चढाईपटू पवन सेहरावतचे सगळे आकडे तोंडपाठ आहेत अशी पोरं. मी मधला, वय चव्वेचाळीस, दोन्हीकडून शिव्या खातो. म्हटलं ग्रुपवर तुकड्यातुकड्यात भांडण्यापेक्षा इथे एकदाच काय ते लिहून टाकतो. लांब होणारे, ज्याला वेळ नाही त्याने लाईक ठोकून पुढे सरकावं.

आधी मातीवाल्या दादा लोकांशी बोलतो. तुम्ही म्हणता आमच्या वेळची कबड्डी म्हणजे काय होती! अहो मीपण बघितलीय की. परळला रात्री हॅलोजनखाली मॅचेस चालायच्या, बाबांच्या खांद्यावर बसून बघायचो, माती पाणी मारून चोपलेली, तिचा तो वास, पब्लिक दोरीला लोंबकळतंय, सगळं खरं. पण शेवटची पाच मिनिटं आठवतायत का? एखादी टीम तीन-चार पॉइंटनी पुढे असली की त्यांचा दमदार गडी चढाईला यायचा, निदान रेषेला, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेला, पाय लावायचा आणि मग आरामात इकडून तिकडे, तिकडून इकडे, दम, म्हणजे एका श्वासातलं कबड्डी कबड्डी, संपेस्तोवर नुसता फिरायचा, परत आपल्या अंगणात. पुढच्या चढाईला परत तेच. समोरची टीम पिसाळायची, पब्लिक आई-बहिणीवरून उतरायचं, आणि मग मारामारी. ही पाच मिनिटं कुणीच आठवणीत ठेवत नाही, सगळ्यांना फक्त ती एक उडी आणि ती एक घोटा पकड आठवते.

तीस सेकंदांची चढाई आणि दोन रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत पॉइंट आण नाहीतर बाहेर बस, या दोन नियमांनी तो सगळा आळस मारून टाकला. आणि अव्वल पकड, म्हणजे तीन किंवा कमी गडी उरलेले असताना पकड केली की एक पॉइंट जास्त, हा तर मला आख्ख्या खेळातला सगळ्यात हुशार नियम वाटतो. पूर्वी तीन गडी उरले की लोण पडणारच, म्हणजे आख्खी टीम बाद होणारच, असं धरून लोक वडापाव आणायला जायचे. आता तीन उरले की खरी मजा सुरू होते, चढाई करणारा घाबरतो. हे ज्याने कुणी डोक्यातून काढलं त्याला माझा दंडवत. त्यामुळे टीव्हीसाठी नियम बदलले म्हणून खेळ मेला, हे मला मान्य नाय. खेळ आधीपण बदलतच होता, संजीवनी, गामिनी, अमर असले तीन वेगवेगळे प्रकार होते आणि त्यातून आजचा खेळ घडलाय, तेव्हापण कुणीतरी बोंबललंच असेल.

आता बाबांचं सांगतो. बाबा सत्तरीचे, गिरणीच्या टीममधून खेळलेले, पकडीला डावा कोपरा सांभाळायचे. २०१४ ला २६ जुलैला पहिली प्रो कबड्डी सुरू झाली, वरळीच्या डोममध्ये, यू मुंबा आणि जयपूर या टीमची, ती मॅच आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. गाणी, लाईट, अँकर, बाबा सगळं गप बसून बघतायत. पहिली चढाई झाली, दुसरी झाली, मग म्हणाले आवाज वाढव. वाढवला. अजून वाढव. वाढवला, खालच्या मजल्यावरून फोन यायची वेळ आली. मग म्हणाले, ‘दम ऐकू येत नाही रे.’

त्यांना कॉमेंट्री नको होती, कबड्डी कबड्डी कबड्डी ऐकायचं होतं. मी सांगितलं बाबा आता घड्याळ लावलंय, तीस सेकंद. तर म्हणाले घड्याळ वेळ मोजतं, दम कोण मोजतंय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजपण नाही. नियमात दम आहेच, चढाई करताना कबड्डी कबड्डी म्हणत राहायचंच आहे, पण खरं सांगा, शेवटचं कधी बघितलंत की दम तुटला म्हणून कुणाला बाद दिलंय? ओठ हलतात, बस. आख्ख्या जगात हा एक खेळ होता जिथे श्वास संपला की तुमची पाळी संपायची. तेवढ्या एका गोष्टीवर मातीवाले बरोबर आहेत, माती-मॅट जाऊ दे, मॅट चांगलीच आहे, आमच्यातल्या दोघांचे लिगामेंट वाचले असते मॅट असती तर.

पैशावर जास्त बोलत नाही. पहिल्या लिलावात राकेश कुमारला सगळ्यात जास्त बोली लागली ती १२ लाख ८० हजार, आणि २०२३ ला पवनवर लागले २ कोटी ६० लाख ५० हजार. आपल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला एका वर्षात ३६ लाखांवरून १ कोटी ४५ लाख मिळाले. गावाकडच्या पोराला पैसे मिळाले तर मला आनंदच आहे, त्याच्यात नाक मुरडणारे लोक स्वतः पोरांना इंजिनिअरिंगला घालून बसलेत. फक्त एक आहे, पूर्वी कबड्डी खेळून नोकरी लागायची. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम. खेळणं सुटलं तरी पगार चालू, पेन्शन चालू. आमच्या चाळीत एक काका होते त्यांचं आख्खं घर एका मांडी पकडीवर उभं राहिलं असं बाबा म्हणतात. लिलावात टॉपच्या वीस-तीस जणांचं सोनं होतं, बाकीच्यांचा खांदा निखळला की पुढे काय, हे कुठल्या ग्राफिकमध्ये दाखवत नाहीत.

पण पोरांनो, तुमच्याशी माझं खरं भांडण वेगळंच आहे. ग्रुपवर तुम्ही माझी टीम माझी टीम करता. कुठली टीम? फजल अत्राचली घ्या, इराणचा, डावा कोपरा, बाबांचा लाडका. आधी मुंबा, मग पाटणा, गुजरात, परत मुंबा, मग पुणेरी, परत गुजरात, बंगाल, आणि बाराव्या सीझनला दिल्ली. त्याच दिल्लीने फायनलमध्ये आपल्या पुणेरी पलटणला ३१-२८ ने हरवलं. ज्याच्यासाठी आपण २०१५ ला मुंबा जिंकल्यावर घसा फोडला, तोच त्या फायनलला समोरच्या कोपऱ्यात उभा. त्याची काय चूक, त्याला जिथे बोलावतील तिथे तो खेळणार. पण मग मी नक्की कुणाच्या बाजूने ओरडायचं?

आणि यू मुंबा. नावात मुंबई, गाण्यात मुंबई, आणि अकराव्या सीझनच्या मॅचेस हैदराबाद, नोएडा, पुणे, बाराव्याच्या विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. मुंबईत एकपण नाही. लॉजिस्टिक्सचं गणित असणार, स्टेडियमची भाडी, प्रवास, मला कळतं, मी काय दूधखुळा नाही. पण लालबाग-परळ, प्रभादेवी, जिथे गल्लीला एक क्रीडा मंडळ, तिथल्या माणसाने मुंबईची टीम बघायला विशाखापट्टणमचं तिकीट काढायचं? नियम कितीपण बदला, मी बघीन. पण माझ्या गावाचं नाव लावून माझ्याच गावात खेळायचं नाही, हे मला झेपत नाही. मातीवाले आणि मॅटवाले दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत आणि याच्यावर कुणी एक शब्द बोलत नाही.

नियमांचाच गोंधळ बघायचा असेल तर हांगझाऊ आठवा, ७ ऑक्टोबर २०२३, एशियन गेम्सची फायनल, भारत-इराण, २८-२८, शेवटचं दीड-एक मिनिट. पवन चढाईला गेला आणि कुणाला टच न होता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला, त्याच्या मागे इराणचे गडीपण लॉबीत. आता प्रो कबड्डीच्या नियमाने वेगळा निकाल आणि आंतरराष्ट्रीय जुन्या नियमाने वेगळा. पंच एक सांगतायत, मग बदलतायत, मग परत बदलतायत, खेळाडू मॅटवर बसले, जवळजवळ तासभर खेळ बंद. शेवटी आपण ३३-२९ ने जिंकलो, गोल्ड मिळालं, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण बाबा त्या दिवशी टाळी वाजवायला उठले नाहीत. म्हणाले एकाच खेळाची दोन पुस्तकं कशी काय असतात. १९९० ला बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा एशियन गेम्समध्ये आली तेव्हा हेच बाबा आख्ख्या चाळीला पेढे वाटत फिरले होते.

(बायकांच्या कबड्डीवर वेगळी पोस्ट लिहायला लागेल. २०१६ ला प्रो कबड्डीवाल्यांनी तीन टीमचं वूमन्स चॅलेंज केलं, फायनल एका पॉइंटने लागली, पुरुषांच्या अर्ध्या मॅचेसपेक्षा भारी, आणि त्यांनी ते तिथेच बंद केलं. त्याच्यावर ग्रुपवर कधीच राडा होत नाही हे पण बघा.)

गेल्या महिन्यात इकडे बदलापूरला आमच्या घराजवळ लोकल टूर्नामेंट होती. भाड्याची मॅट, तिच्याखाली मैदानातले खडे, त्यामुळे मधेच एक टेंगूळ आलेलं, स्कोअर मोबाईलवर. बाबांना घेऊन गेलो. ते खुर्चीवर बसेनात, दोरीला हात धरून उभे. सतरा-अठराचा एक पोरगा चढाईला आला, चपळ होता, बोनस मारला, कोपऱ्याकडे वळला, आणि बाबा एकदम ओरडले, ‘दम गेला! दम गेला त्याचा!’ सगळे वळून बघायला लागले, दोन पोरं हसली, मी म्हटलं बाबा बसा ना. पंच समोरच उभा होता, अगदी पाच फुटांवर.

तो मोबाईलमधलं घड्याळ बघत होता. अजून अकरा सेकंद होते.