१९२ किलोहर्ट्झच्या कार्डाने भजनातली घुरघुर जात नाही

भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे: संगणकावर स्वच्छ ध्वनिमुद्रण हवे असेल, तर १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि ७.१ चॅनेलचे साउंड कार्डच (आवाज संगणकात घेणारे आणि बाहेर ऐकवणारे यंत्र) घ्यावे. मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या कार्डाचा, आवाज टाकाऊ असतो आणि स्वस्त यूएसबी कार्ड खरखरतेच, असेही त्यात म्हटले आहे. दारव्हा तालुक्यातील आमच्या मंडळाने या सल्ल्यावर विसंबून वर्गणीतून महागडे यूएसबी कार्ड आणले आणि घुरघुर होती तिथेच राहिली.

माणसाच्या कानाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि नमुने घेण्याचा वेग (सेकंदाला आवाजाची किती मोजमापे घ्यायची तो; १९२ किलोहर्ट्झ हा आकडा त्याचाच) त्याच्या दुपटीहून थोडा अधिक असला की पुरतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा वेग त्या हिशेबात बसतो. व्हिडिओसाठी ४८ ठेवावा. १९२ ठेवल्यास फाइल त्याच्या चौपट होते, खरखर तसूभरही कमी होत नाही. २४ बिटचा, म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदायचे याचा, मुद्दा मात्र मान्य आहे, कारण पातळी जरा खाली ठेवून मुद्रण करता येते आणि खंजिरीची अचानक पडलेली थाप फाटत नाही. ७.१ चॅनेल (भोवताली मांडलेल्या आठ स्पीकरांसाठीचे) ऐकण्यासाठी असतात. मुद्रणाशी त्यांचा संबंध नाही.

मदरबोर्डवरील आवाजाबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर आतल्या गर्दीतून जाते, म्हणून माउस हलवला तरी हेडफोनमध्ये बारीक चिरचिर ऐकू येते. तोच हेडफोन मागच्या जॅकला लावून पाहावा. पुष्कळदा खर्च तिथेच वाचतो.

राहिला खरखरीचा, म्हणजे आमच्या घुरघुरीचा मुद्दा, आणि सल्ल्याची खरी चूक इथे आहे. मुद्रण चालू असताना आम्ही लॅपटॉपचा चार्जर काढला, तेव्हा ५० हर्ट्झच्या विजेची ती घूं क्षणात थांबली. म्हणजे दोष कार्डाचा नव्हता, चार्जर आणि ॲम्प्लिफायर विजेच्या वेगवेगळ्या बोर्डांवर असल्याने अर्थिंगच्या वायरींतून आणि आवाजाच्या केबलमधून विजेचा जो बंद फेरा तयार झाला होता त्याचा होता. आपल्याकडे सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अनेकदा वायरच नसते, आणि असली तरी उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंग कमकुवत होते, म्हणून अर्थिंगची तार जिथे जमिनीत पुरलेली असते त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. अर्थिंगची पिन कापण्याचा जुगाड कुणी सुचवला, तर तो जिवावरचा आहे हे लक्षात घ्यावे.

कार्ड घेताना आकड्यांआधी जॅक पाहावेत. मिक्सरचा लाइन-आउट (त्यातून बाहेर पडणारा जोरकस संकेत) माइकच्या गुलाबी जॅकमध्ये खुपसला की आवाज फाटणारच, कारण तो जॅक माइकच्या क्षीण संकेतासाठी असतो. मिक्सरसाठी लाइन-इन, बहुधा निळा, लागतो. कंडेन्सर माइक (चालायला बाहेरून वीज लागणारा) थेट जोडायचा असेल, तर ४८ व्होल्ट देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मुद्रणासाठीचे बाहेरचे साउंड कार्ड, हवा. साध्या डायनॅमिक माइकला त्या व्होल्टची गरज नसते. आमच्या त्या महागड्या कार्डाला लाइन-इनच नव्हता, हे खोके फोडल्यावर कळले.