पाकीट आधी की वहीतली खूण? ऐरोलीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या काँट्रॅक्टने (तिथे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) आधी खातेदाराची बाकी शून्य करावी, मग पैसे पाठवावेत, हे मी मागच्या लेखात भिशीच्या उदाहरणाने सांगितलं होतं. ‘घोडबंदर रोडच्या सोसायटीतली भिशी सांगून तुम्ही डेव्हलपरांना बालवाडीत बसवलंत. व्यवहार ॲटॉमिक असतो, पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही, मग बाकी आधी शून्य केली काय नि नंतर केली काय? फारच भीती असेल तर पैसे पाठवायला कॉलऐवजी ट्रान्सफर ही आज्ञा वापरा, विषय संपला,’ असं तुम्ही लिहिलंत. उदाहरणाबद्दलचा आक्षेप निम्मा मान्य. उरलेले दोन मुद्दे मात्र मला अजिबात मान्य नाहीत, कारण याच समजुतीपायी लोकांचे पैसे गेलेत.

भिशीत काकू पाकीट देतात आणि मग वहीत नावापुढे खूण करतात. मधल्या क्षणात पाकीट घेणारी फार तर हसते. सॉलिडिटीत (काँट्रॅक्ट लिहायच्या भाषेत) मात्र घेणारा पत्ता स्वतःच एक काँट्रॅक्ट असू शकतो. त्याला इथर (इथेरियमचं चलन) मिळताच त्याचं रिसीव्ह फंक्शन चालतं, आणि तेवढा वेळ तुमचं फंक्शन त्याच ओळीवर खोळंबलेलं असतं. लेखात हे सांगायचं राहिलं होतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

समजा, काँट्रॅक्टमध्ये १० इथर आहेत, त्यांतला हल्लेखोराचा १. विथड्रॉ हे पैसे काढू देणारं फंक्शन बाकी बघतं, कॉल ही आज्ञा वापरून तेवढे इथर पाठवतं, मग बाकी शून्य करतं. इथर पोचताच हल्लेखोराचं रिसीव्ह पुन्हा विथड्रॉला हाक मारतं. शून्य करणारी ओळ अजून आलेलीच नाही, वहीत १ दिसतो, दुसरा इथर जातो. दहाही गेले की त्याचा कोड आपणहून थांबतो, कारण अकराव्यांदा पाठवणं फसलं तर ते अपयश वरपर्यंत जाऊन सगळंच उलटू शकतं. मग अर्धवट राहिलेले दहा विथड्रॉ एकेक करून पूर्ण होतात, आणि दहाही वेळा बाकी शून्य होते. एरर कुठेच नाही. ॲटॉमिसिटी अपयश आलं तर मागे नेते. इथे ते आलंच नाही. डेटाबेसच्या लॉकची सवयही दगा देते, कारण समोर दुसरा व्यवहार नसतोच. हा त्याच व्यवहाराच्या पोटातला कॉल असतो.

बाकी शून्य न करता त्यातून रक्कम वजा केली असेल, तर सॉलिडिटी ०.८ पासून दुसरी वजाबाकी शून्याखाली जाते आणि तो कॉल रिव्हर्ट होतो, म्हणजे त्यात झालेलं सगळं मागे घेतलं जातं. हा बचाव योगायोगाचा, त्यावर विसंबू नका. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर याच वाटेने गेले आणि इथेरियमला हार्ड फोर्क (साखळीचे नियमच बदलणारी फाटाफूट) करावा लागला.

ट्रान्सफर घेणाऱ्याला फक्त २,३०० गॅस (कोड चालवण्याच्या खर्चाचं माप) देतं, म्हणून पुन्हा आत शिरणं तिथे अडतं, हे खरं. पण गॅसचे दर बदलतात. डिसेंबर २०१९ च्या इस्तंबूल अपग्रेडमध्ये स्टोरेज (काँट्रॅक्टने साठवलेली माहिती) वाचण्याचा दर २०० वरून ८०० झाला. २०२१ च्या बर्लिन अपग्रेडमध्ये पहिल्या वाचनाला २,१०० लागू लागले. उद्या सोसायटीच्या खजिनदारांनी मल्टिसिग वॉलेटचा (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या, स्वतःच काँट्रॅक्ट असलेल्या वॉलेटचा) पत्ता दिला आणि त्याचं रिसीव्ह स्टोरेज वाचत असेल, तर प्रामाणिक माणसाचेच पैसे अडकू शकतील.

म्हणून क्रम बदला: तपासणी, मग बाकी शून्य, मग कॉल, आणि कॉलचा निकाल रिक्वायर या अट तपासणाऱ्या आज्ञेने तपासा. पाठवणं फसलं तर रिव्हर्टमुळे बाकी पूर्ववत होते. तुमची ॲटॉमिसिटी कामाला येते ती इथे. वर ओपनझेपलिन या तयार कोडसंग्रहातला रीएंट्रन्सी गार्ड (फंक्शन संपण्याआधी पुन्हा आत शिरू न देणारं कुलूप) लावा, पण एकट्या विथड्रॉला लावून भागत नाही. तीच बाकी दुसऱ्याच्या नावे करणारं फंक्शन उघडं राहिलं, तर हल्लेखोर त्या दाराने आत येतो.

पटत नसेल तर फाउंड्री या सॉलिडिटीच्या चाचणी-साधनात वीस-पंचवीस ओळींचं हल्लेखोर काँट्रॅक्ट लिहा आणि त्यातली फोर्ज टेस्ट ही आज्ञा चार ‘व्ही’ (-vvvv) लावून चालवा. एकात एक गेलेले दहा विथड्रॉ दिसतील. मग कॉलची आणि बाकी शून्य करणारी अशा दोन ओळींची अदलाबदल करून तीच टेस्ट पुन्हा लावा. दुसऱ्या विथड्रॉला बाकी शून्य सापडेल आणि तो तिथेच रिव्हर्ट होईल.